कॅराव्हॅनच्या टाकीतलं पाणी नागपूरच्या उन्हात का बिघडतं?

नागपुरात मे महिन्यात दुपारी तीनला थंड पाण्याचा नळ उघडला की हात पोळतो. गच्चीवरची टाकी तापली आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून आंघोळीची बादली आपण सकाळीच भरून ठेवतो आणि विषय तिथेच सोडून देतो. आता तीच टाकी चाकांवर बसवा. टेम्पो ट्रॅव्हलरची केलेली कॅम्परव्हॅन घ्या किंवा भाड्याची कॅराव्हॅन. आत शंभर-दीडशे लिटरची प्लास्टिकची टाकी, १२ व्होल्टचा पंप, छोटा गिझर, बेसिन, हँड शॉवर आणि संडासात जेट. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पुढे समृद्धी महामार्ग झाला, आणि शनिवार-रविवार पेंच, ताडोबा, चिखलदरा करणारी अशी घरं आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. बाकीचे दिवस ती अंगणात नाही तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असतात, आणि टाकीत मागच्या सहलीचं पाणी तसंच पडून असतं.

गाडीवाल्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काहून जी, पाणी तर कार्पोरेशनचंच भरलं होतं!" त्याचं चूक नाही. पाणी भरताना चांगलंच होतं. ते बिघडलं नंतर, गाडीतच.

दूषित पाणी म्हटलं की आपल्या डोक्यात एकच गोष्ट येते: पाण्यात घाण मिसळली, ते प्यायलो, पोट बिघडलं. कॉलरा, टायफॉइड, जुलाब करणारे ई-कोलायचे प्रकार, ही सगळी या रस्त्याने येणारी मंडळी. ती बाहेरून येतात, आणि स्वच्छ पाण्याच्या टाकीत त्यांची फारशी भरभराट होत नाही. त्यांचं घर म्हणजे बहुतेक वेळा माणसाचं किंवा जनावराचं आतडं. दुसरा गट वेगळा आहे. लेजिओनेला, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू निसर्गातल्या पाण्यात आणि मातीत थोड्याफार संख्येने असतातच. चांगल्या नळाच्या पाण्यातूनही एखाद-दुसरा टाकीत शिरतो. तिथे त्याला कोमट, साचलेलं, क्लोरीन उडून गेलेलं पाणी मिळालं की तो वाढतो. पहिल्या गटासाठी आपण पाणी कुठून भरलं हे बघायचं. दुसऱ्यासाठी पाणी किती दिवस आणि किती तापमानाला पडून राहिलं हे बघायचं. गाड्या आणि बोटींच्या बाबतीत आपलं दुर्लक्ष होतं ते या दुसऱ्याकडे.

लेजिओनेलाची ओळख १९७६ मध्ये झाली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. ते संपलं आणि लोक न्यूमोनियाने आजारी पडू लागले. २९ जणांचा मृत्यू झाला. जंतू सापडायला पुढच्या वर्षाचा जानेवारी उजाडला, आणि संघटनेच्या नावावरूनच त्याचं बारसं झालं. मागचे रेकॉर्ड तपासल्यावर कळलं, की १९६८ मध्ये मिशिगन राज्यातल्या पाँटियाक गावात आलेली तापाची साथही याचीच होती. आणि ती पसरली कुठे, तर आरोग्य खात्याच्याच इमारतीत, वातानुकूलन यंत्रणेतून!

हा जंतू पिण्यातून क्वचितच त्रास देतो. तो श्वासातून जातो. शॉवर, जेट, कारंजं, फवारा, अशा कुठल्याही साधनातून पाण्याचे डोळ्यांना न दिसणारे थेंब हवेत उडतात आणि थेट फुप्फुसात उतरतात. १९८९ मध्ये लुइझियाना राज्यातल्या एका किराणा दुकानात भाजी ताजी राहावी म्हणून तुषार मारणाऱ्या यंत्रातून ही साथ पसरली होती. आपल्याकडे लग्नाच्या लॉनवर उन्हाळ्यात लावतात ते पाण्याचे तुषार सोडणारे पंखे आठवा. त्यांच्या टाकीत कधीचं पाणी असतं, हे वऱ्हाडी मंडळींनी एकदा विचारायला हरकत नाही.

लेजिओनेला साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो. त्याला सगळ्यात मानवतं ते ३५ अंशांच्या आसपासचं पाणी. पन्नाशीच्या पुढे त्याची वाढ थांबते आणि ६० अंशांना तो काही मिनिटांत मरू लागतो. आता हे आकडे नागपूरच्या हवामानावर ठेवून पाहा. युरोप-अमेरिकेतल्या आरव्हीवाल्यांच्या (म्हणजे तिकडच्या कॅराव्हॅनवाल्यांच्या) सूचनांमध्ये अर्धी पानं थंडीला दिलेली असतात: पाइपात बर्फ होऊन ते फुटू नयेत म्हणून काय करायचं, कुठलं द्रावण भरायचं वगैरे. त्या सूचना इथे घेऊन उपयोग नाही. आपल्याकडे फेब्रुवारीच्या शेवटापासून पावसापर्यंत बंद गाडीतली टाकी या जंतूला हव्या त्या तापमानात दिवसाचे कित्येक तास असते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, तर रात्रीही ती फारशी निवत नाही. आपला धोक्याचा हंगाम उन्हाळा, आणि नेमक्या त्याच सुट्ट्यांत गाड्या बाहेर पडतात.

त्यात भर पडते ती बुळबुळीची. कूलरच्या टबात पाणी भरून आठवडा झाला की आतल्या पत्र्यावर बोट फिरवून बघा, एक निसरडा थर हाताला लागतो. टाकीच्या आणि पाइपच्या आतल्या अंगाला अगदी तसाच थर बसतो. जिवाणू स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात आणि त्याच्या आत वस्ती करतात. वरून क्लोरीनचं पाणी वाहत गेलं तरी थराच्या वरच्या पापुद्र्यातच ते खर्ची पडतं, खाली पोचत नाही. लेजिओनेला तर याच थरात चरणाऱ्या अमीबांच्या पोटात शिरून तिथेच वाढतो, म्हणजे त्याला दुहेरी कवच. म्हणून टाकी नुसती रिकामी करून पुन्हा भरली की पाणी नवं होतं, टाकी तीच राहते.

कूलरचा विषय निघालाच आहे तर लगेच येणारी शंकाही फेडून टाकू. कूलरमधलं पाणी बाष्पीभवनाने थंड राहतं आणि चांगला कूलर थेंब उडवत नाही, ओलावा देतो. त्यामुळे या आजाराच्या बाबतीत त्याचा धोका शॉवरपेक्षा बराच कमी. कूलर आठवड्यातून एकदा कोरडा करा असं महानगरपालिका सांगते, ते मुख्यतः डेंग्यूच्या डासांसाठी.

आता क्लोरीन. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० प्रमाणे क्लोरीन टाकलेलं पाणी ग्राहकाच्या नळाला पोचतं तेव्हा त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असायला हवा. हा उरलेला क्लोरीन पहारेकऱ्याचं काम करतो. वाटेत काही शिरलं तर तो त्याच्यावर खर्च होतो. पण उष्णतेने, हवेने, टाकीतल्या थराने तो संपत जातो, आणि तापलेल्या टाकीत तर फारच लवकर. सोमवारी भरलेल्या पाण्यात शनिवारी पहारेकरी शिल्लक असेलच याची खात्री नाही.

इथे एक उलटा प्रकार सर्रास होतो. "आम्ही गाडीत फक्त आरओचंच पाणी भरतो" किंवा "जारचं पाणी ओततो" असं लोक अभिमानाने सांगतात. आरओ यंत्रातला कोळशाचा फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. म्हणजे जे पाणी टाकीत सर्वांत जास्त दिवस पडून राहणार, तेच आपण पहारेकऱ्याशिवाय आत पाठवतो. माझं मत स्पष्ट आहे: टाकीत क्लोरीन असलेलं नळाचं पाणीच भरावं. फिल्टर लावायचाच तर तो अगदी शेवटी, पिण्याच्या नळापाशी लावावा आणि त्याचं काडतूस वेळेवर बदलावं. पिण्यासाठी वेगळा जार ठेवला तर उत्तमच, पण तो जार टाकीत रिता करू नये. यूव्ही दिव्याचंही असंच. दिव्यासमोरून जाणाऱ्या नितळ पाण्यातले जंतू तो मारतो, पण पुढच्या पाइपात त्याचं काहीच चालत नाही.

भरण्याच्या वेळी दोन-तीन गोष्टी बघितल्या तरी पुष्कळ काम होतं. ढाब्यावरचं बोअरचं पाणी नितळ दिसतं, पण त्यात क्लोरीन नसतो. टँकरच्या पाण्यात असेल किंवा नसेल. पावसाळ्यात गढूळ पाणीच मिळालं तर आधी बादलीत तुरटी फिरवून गाळ बसू द्या आणि वरचं पाणी घ्या, कारण मातीचे कण क्लोरीन खातात आणि जंतूंना आडोसा देतात. नुसत्या तुरटीने पाणी निर्जंतुक होत नाही, फक्त स्वच्छ दिसतं. पाइप स्वतःचा ठेवा. ढाब्यावरचा पाइप सकाळी कशात पडला होता ते आपल्याला माहीत नसतं. वापर झाला की त्यातलं पाणी झटकून, दोन्ही टोकं झाकून ठेवा. संडासाची टाकी धुवायचा पाइप वेगळ्या रंगाचा असावा आणि वेगळ्या खणात राहावा, म्हणजे अंधारात चूक होत नाही.

परदेशी पुस्तिकांत सहसा न सापडणारी आपल्याकडची एक भानगड म्हणजे जेट. गाडीतला जेट त्याच गोड्या पाण्याच्या लाइनवर असतो. तो बादलीत किंवा संडासाच्या भांड्यात पडून राहिला, पंप बंद झाला, आणि टाकी खालच्या पातळीला असली, तर पाइप उलटं पाणी ओढू शकतो. गल्लीत टुल्लू पंप लावल्यावर मुख्य लाइनीत जे घडतं त्याचंच हे छोटं रूप. जेटच्या फाट्यावर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. प्लंबर "काही गरज नाही" म्हणेल, तरी बसवा.

हे झालं रोजचं. पण बसलेला थर काढायला जोरदार मात्रा लागते. हंगामाच्या सुरुवातीला, गाडी महिनाभर उभी राहिल्यावर, किंवा पाण्याला वास आला की हे करायचं. हिशेब सोपा आहे. बाजारात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे करोनात सगळीकडे फवारत होते ते हायपो, साधारण ५ टक्क्यांचं असेल तर टाकीच्या एका लिटरला १ मिलिलिटर घातल्यावर ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन होतो. १०० लिटरच्या टाकीला १०० मिलिलिटर. ग्रामपंचायतीत वापरतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घेतली तर तिच्यात ताजी असताना २५ ते ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणून १०० लिटरला अंदाजे २० ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवा, चुन्याचा गाळ तळाला बसू द्या आणि वरचं पाणीच गाळून ओता, नाही तर तो चुना पंपाच्या जाळीत जाऊन बसेल. सुगंधी किंवा साबण मिसळलेलं कपड्यांचं ब्लीच यासाठी चालत नाही.

सुरू करण्याआधी जुनं पाणी पूर्ण काढा, जमलं तर टाकी आतून घासा. कोळशाचे फिल्टर आणि आरओची मेम्ब्रेन काढून बाजूला ठेवा, कारण एवढा क्लोरीन मेम्ब्रेनची वाट लावतो आणि कोळसा क्लोरीनची. मग द्रावण मिसळून टाकी काठोकाठ भरा. बरेच जण टाकीत औषध टाकून थांबतात, तिथे सगळं फसतं. पंप लावून एकेक नळ उघडायचा. बेसिन, शॉवर, जेट, गरम आणि थंड दोन्ही बाजू. प्रत्येक नळाला क्लोरीनचा उग्र वास येईपर्यंत पाणी सोडायचं आणि मग बंद करायचं. वास आला म्हणजे द्रावण तिथवर पोचलं. ५० मिलिग्रॅमच्या मात्रेला चार तास द्या, रात्रभर ठेवलं तरी प्लास्टिकच्या टाकीला चालतं. घाई असेल तर मात्रा दुप्पट करून एक तास, अशीही रीत आहे. नंतर सगळं काढून साध्या पाण्याने वास जाईपर्यंत धुवा. हे पाणी तलावात, नाल्यात किंवा झाडाच्या मुळाशी सोडू नका, मासे मरतात. फुटाळा तलावाच्या काठावर गाडी लावून तर मुळीच नको.

दोन इशारे. हायपो किंवा टीसीएल कधीही संडास साफ करायच्या ऍसिडबरोबर, व्हिनेगरबरोबर किंवा लिंबूसताबरोबर एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि गाडीची खोली केवढीशी! शॉवरच्या चाळणीवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार बसले असतील (त्या क्षारांतही जंतू लपतात) तर चाळणी काढून बाहेर, वेगळ्या भांड्यात लिंबूसताच्या पाण्यात भिजवा, धुवा आणि मग बसवा. दुसरा इशारा बाटलीबद्दल. हायपो उष्णतेने मरतं. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं विघटन तीन-चार पट वेगाने होतं. गाडीच्या डिकीत दोन उन्हाळे काढलेली बाटली ५ टक्क्यांची उरलेली नसते, बाहेर काहीही छापलेलं असो. उत्पादनाची तारीख बघून लहान बाटली घ्या आणि घरात सावलीत ठेवा. टीसीएलचं पोतंही उघडं राहिलं की असंच निकामी होतं.

गिझरमध्ये लोक गॅस नाही तर बॅटरी वाचवायला पाणी ४०-४५ अंशांवर ठेवतात. साठवणीच्या गिझरसाठी हे तापमान सर्वांत वाईट. ६० अंशांपर्यंत तापू द्या आणि नळाशी थंड पाणी मिसळून वापरा. मुलं असतील तर आधी हात घालून बघा, ६० अंशांचं पाणी भाजतं. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आत सल्फेटवर जगणारे जिवाणू बसले आहेत. ते बहुधा घातक नसतात, पण गिझर धुवायचा राहिला आहे हे नक्की सांगतात.

बोटींचं बरंचसं गणित हेच आहे. रामटेकजवळच्या खिंडसीत किंवा अंबाझरीत आपण बसतो त्या बोटींत पाण्याची टाकीच नसते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. केरळच्या हाऊसबोटीवर दोन रात्री काढल्या की येतो. तिथे टाकी पायाखाली असते, भरायचं झाकण डेकवर. झाकणाची रबरी चकती गेली की पावसाचं पाणी, पक्ष्यांची विष्ठा, चपलांची घाण सगळं आत. तळाशी साचणारं इंजिनाचं मचूळ पाणी टाकीच्या सांध्यांना लागून असतं. संडासाला बाहेरचं खाडीचं पाणी खेचणारा पंप असतो, आणि एखाद्या हुशार मिस्त्रीने सोय म्हणून ती लाइन गोड्या पाण्याला जोडलेली असली की संपलंच. जागतिक आरोग्य संघटनेने जहाजांवरच्या स्वच्छतेची मार्गदर्शिका १९६७ मध्ये काढली, तिची तिसरी आवृत्ती २०११ ची. अशी उलटी जोडणी होऊ न देणं हे त्यातलं महत्त्वाचं कलम. मोठी जहाजंही सुटलेली नाहीत: १९९४ मध्ये एका क्रूझवर गरम पाण्याच्या टबातून लेजिओनेलाची साथ आली होती. बोटीची टाकी स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची असेल तर जास्त मात्रेचा क्लोरीन रात्रभर ठेवू नका, धातूला खड्डे पडतात. तासाभरात काढून भरपूर धुवा.

पाणी ठीक आहे हे कळणार कसं? जलसुरक्षक गावात करतो ती ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट इथेही चालते. नळाचं पाणी छोट्या नळीत घ्या, ओटीचे थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. टाकीपासून सर्वांत लांबच्या नळावर ही टेस्ट करा. रंग आलाच नाही तर १०० लिटरला ५ टक्क्यांच्या हायपोचे ४ मिलिलिटर घालून अर्ध्या तासाने पुन्हा बघा. दुसरी एच-टू-एसची बाटली: पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर विष्ठेतल्या जंतूंची शंका. ही तपासणी भारतातच विकसित झाली आहे. पण ती पहिल्या गटासाठी आहे, लेजिओनेला तिच्यात दिसत नाही. त्याला प्रयोगशाळेतलं वेगळं कल्चर लागतं. घरच्या गाडीसाठी मी त्या खर्चात पडणार नाही. त्यापेक्षा टाकी रिकामी ठेवणं स्वस्त. नागपूरकरांना या विषयाचं वावडं नसावं, नेहरू मार्गावरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९५८ मध्ये सुरू झाली तीच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून.

सहलीहून परतलं की ड्रेन उघडायचा, पंप कोरडा होईपर्यंत चालवायचा, गिझर रिता करायचा, सगळे नळ उघडे ठेवायचे आणि टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी लावायची. नागपूरचं ऊन एरवी आपल्या विरोधात असतं, इथे ते टाकी सुकवून देतं. पाणी ठेवणं भागच असेल तर आठवड्यातून एकदा सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या. त्या वेळी शॉवरची चाळणी काढा किंवा तिच्यावर पिशवी धरा, खिडक्या उघडा आणि तोंड लांब ठेवा. साचलेल्या पाण्याचा पहिला फवारा अंगावर घेऊ नका.

पन्नाशीपुढचे, बिडी-सिगारेट ओढणारे, मधुमेह असलेले, फुप्फुसाचा जुना आजार असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, यांना लेजिओनेला जास्त पकडतो. लक्षणं साधारण दोन ते दहा, कधी चौदा दिवसांनी दिसतात: जोराचा ताप, खोकला, धाप, अंगदुखी, काहींना जुलाबही. तोवर सहल विसरलेली असते आणि घरचे "हवा बदलली" म्हणून मोकळे होतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला सहसा होत नाही. पेनिसिलिनच्या जातीतली नेहमीची प्रतिजैविकं त्याच्यावर चालत नाहीत, वेगळी द्यावी लागतात, आणि लघवीच्या एका तपासणीतून त्याचा सर्वसाधारण प्रकार लवकर कळू शकतो. पण ती तपासणी डॉक्टरांच्या मनात यायला हवी. म्हणून तापाच्या दिवसांबरोबर हेही सांगा, की मागच्या आठवड्यात गाडीतल्या किंवा बोटीवरच्या शॉवरखाली आंघोळ केली होती.